जाऊबाईची फुंकणी

माझ्या मोठ्या जाऊबाईनं मला मदत केली. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं मी तिच्यावर किती जळायची हेच जास्त येणार आहे.

मी कोल्हापूरकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न करून इकडं गोंदियाजवळच्या दवनीवाड्याला आले. माहेरी जायचं तर गाड्या बदलत दीड दिवस. जाऊबाईचं माहेर सालेकशाला. सकाळी गेली की संध्याकाळी आईच्या हातची कोवळ्या बांबूची भाजी डब्यात घेऊन परत. आधी मला वाढायची, आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

गेल्या वर्षी ह्यांनी गोंदिया स्टेशनची भाडी मारायला जुनी पेट्रोलची गाडी घेतली. थोड्याच दिवसांत ती थरथरायला लागली. रस्त्यावर ठीक, पण रेल्वे फाटकापाशी उभी राहिली की लंगडायची, आता बंद पडते की काय असं व्हायचं. प्लग बदलले, तरी तेच. गोंदियाचा मिस्त्री म्हणाला, "इंजन खोलना पडेगा." तेवढी आमची ऐपत नव्हती. हे म्हणाले, "भंगारात देतो अन् नागपूरले जातो कामाले."

म्हणजे मी इथं एकटी. माझ्या तोंडून कोल्हापुरी 'व्हय' निघालं तरी सगळं अंगण हसतं, अशा घरात. माझी झोप उडाली.

बाजूच्या सीटवर बसून मी त्या गाडीकडं कान लावायची. एकदा म्हटलं, "अहो, चालताना नाही होत, उभी असतानाच होतंय. अन् कुठंतरी बारीक सूं सूं वाजतंय."

"तुले का समजते त्यातलं?"

दोन दिवसांनी जाऊबाई त्याच गाडीतून बाजार करून आली. उतरता उतरता म्हणाली, "भाऊजी, उभी राहिली का मंगच लंगडते जी तुमची गाडी."

"हो ना वहिनी! बराबर बोलल्या!"

मी तांदूळ निवडत होते. ताट आपटलंच.

"काऊन व, कायले तोंड फुगवून राहिली?" जाऊबाईनं विचारलं.

"मी हेच सांगितलं होतं."

"मंग माह्यावर कायले चिडते? त्याच्यावर चिड ना!"

ती मागं गेली आणि पाणी तापवायच्या चुलीजवळची लोखंडी फुंकणी घेऊन आली. तिचे वडील ट्रॅक्टरमधला बिघाडाचा आवाज अशीच नळी कानाला लावून शोधायचे म्हणे. तिला असे वडील होते, याचंही मला वाईट वाटलं. ह्यांनी बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि फुंकणीसाठी हात पुढं केला. तिनं ती माझ्या हातात दिली.

"हिच्या कानात आवाज आला न, तं हीच सोधंल. पदर खोच व. पंख्यापासून दूर राह्य."

एक टोक कानाशी, दुसरं इंजिनावरून फिरवत गेले. नुसती खडखड. काही सापडलं नाही तर हे जाऊबाईसमोर मला हसणार. मागच्या अंगाला एका रबरी नळीपाशी आले आणि सूंऽऽ... ओल्या लाकडावर फुंकर घालावी तसं, पण उलटं, कुणीतरी हवा आत ओढत असल्यासारखं. नळीला खालून चीर होती. मी बोट दाबलं. थरथर थांबली. बोट काढलं, गाडी लंगडली. पुन्हा दाबलं.

"अरे!" ह्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

नवी नळी बसली आणि काम झालं. नागपूरचं नाव पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी जाऊबाई शेजारणींना सांगत होती, "आमच्या कोल्हापूरवालीनं सोधला जी फॉल्ट! मिस्त्री हारला." फुंकणीचं नाव नाही, स्वतःचं नाही. आणि खरं सांगते, त्यावरही मी जळले. इतक्या सहज देऊन टाकता येतं हिला. मला का येत नाही?

आता शेताकडच्या मोकळ्या रस्त्यावर मी गाडी शिकते आहे. ताई, एक दिवस तुला पुढच्या सीटवर बसवून सालेकशाला मीच नेईन. त्याच दिवशी परतायचं नाही. चांगले चार दिवस राहा आईपाशी, तुझ्या चुलीचं मी बघते. घ्यायलाही मीच येईन. आणि येताना डबा आणलास, तर त्या दिवशी मी पोटभर जेवीन.