ओव्हनमधलं सायडर

आज ओव्हन उघडला आणि आंबलेल्या इडलीच्या पिठाचा वास आला. त्यावरून अमेरिकेतल्या नोव्हाय गावातला आमचा पहिला हिवाळा आठवला. माझी नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत संपत आली होती आणि मी घरी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, करायला घेतलं होतं. सायडरवरच्या पुस्तकात या कलेची थोर परंपरा वर्णिली होती. आमची बरणी मात्र ओव्हनच्या दिव्याखाली, इडलीच्या पिठाला खेटून ऊब घेत होती. मी सारखा उठून काचेतून डोकवायचो.

"बुडबुडे काय बघतोस? मेल बघ," माझी बायको मेधा म्हणाली.

"बुडबुडे निदान येतायत तरी."

ती हसली आणि "सरक जरा" म्हणत शेजारी फरशीवर बसली. तेव्हा वाटलं, तिला सायडर बघायचंय. आता कळतं, तिलाही एकटीला बसवत नव्हतं.