पास झालेला रातकिडा

रातकिड्याची लायकी ठरवण्याचा अधिकार साऱ्या जगात एकाच माणसाला होता, आणि तो माणूस टोकरखाड्यात आमच्या समोरच्या खोलीत राहायचा. सिल्वासात तेव्हा कारखाने पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखे उगवत होते. आमचे हे शेजारी, म्हणजे भाऊ, मूळचे धुळ्याकडचे, अथालच्या एका सूत कारखान्यात माल तपासायला होते. माल नापास करणं हा त्यांचा धंदा आणि छंदही. भाजीवाल्याची मेथीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत, आणि तो बिचारा गुजरातीत पुटपुटत दुसरी जुडी काढून देई.

त्यांची बायको गेली त्याच वर्षी कारखान्यात खोक्यांमागे एक पाल निघाली. अंगावर पिवळे-काळे पट्टे, शेपूट गाजरासारखं जाड. विषारी म्हणून कामगार तिला चिरडणार होते. भाऊंनी तिला डब्यात घालून घरी आणलं आणि काचेच्या पेटीत बिऱ्हाड थाटून दिलं. तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष एकाच प्रश्नावर: हिच्या पोटात काय जावं?

झुरळं बाद. घरोघरी औषध मारलेलं. मी एकदा मोठ्या हौसेने एक धरून नेलं, तर म्हणाले, "याने काय खाल्लं, माहीत आहे का तुम्हाला?" स्थळाची चौकशीसुद्धा कोणी इतक्या संशयाने करत नाही. कोंड्यातल्या अळ्या चालत, पण क्वचितच. "अळी म्हणजे पुरणपोळी, भो. रोज खाऊन कसं चालेल?" रोजचं जेवण म्हणजे रातकिडा. तोही उड्या मारणारा, दोन्ही मिशा शाबूत असलेला, आणि पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नाही. हे अंतर ते कारखान्याच्या मापाने मोजत. निवडलेल्या रातकिड्यांना आधी गाजर आणि मेथी खाऊ घालायची, मग अंड्याच्या टरफलाच्या भुकटीत घोळवायचं, आणि मगच पान वाढायचं. स्वतः मात्र कँटीनचा गार भात उभ्याउभ्या गिळत. आमची ही म्हणायची, "भाऊ त्या पालीच्या जन्माला आले असते तर बरं झालं असतं."

मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं, कारण यामागचं कारण मला ठाऊक होतं. शेवटच्या दुखण्यात वहिनींचं अन्न तुटलं होतं. भाऊ नाशिकची द्राक्षं आणत, वापीहून मोसंबी आणत, त्यांच्या माहेरची कळण्याची भाकरी मागवत. वहिनी हसून म्हणायच्या, "ठेवा, नंतर खाईन." ते नंतर कधी आलंच नाही.

थंडी पडली आणि पालीने खाणं सोडलं. "गारठ्यात सुस्तावली असेल," मी म्हटलं. पण त्यांना ते पटेना. "खाऊच नाही राहिली, भो. मालच खराब असेल," असं म्हणत ते गलोंड्याच्या शेतांपर्यंत सायकल मारत आणि नवे रातकिडे आणत. पेटीशेजारी दिवा लावून बसत. एकेक रातकिडा चिमट्यात धरून तिच्या तोंडापुढे नेत. ती तोंड फिरवी. शेपूट सुतळीसारखं झालं.

एका रविवारी सकाळी ती हललीच नाही. भाऊंनी तिला मागच्या चिंचेखाली पुरलं आणि येऊन पेटीसमोर बसले. दुपारी हिने माझ्या हाती त्यांचं ताट दिलं. मी ते पुढे सरकवलं.

"ठेवा," ते म्हणाले. "नंतर खाईन."

ताट ठेवून परत फिरणं मला जमेना. मी खाली बसलो, पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी सवयीने तो खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"पास आहे, भाऊ," मी म्हणालो.

बऱ्याच वेळाने त्यांनी तो तोंडात घातला. पेटीच्या कोपऱ्यात कालचा पास झालेला रातकिडा ओरडत होता. त्याला बाहेर काढायला आम्हा दोघांपैकी कोणीच उठलं नाही.