एकशे सत्तावीस फरश्या

बिडकीनहून संभाजीनगरला आमच्याकडं आलेल्या त्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईला परसात बसायला चौकोनी ओटा हवा होता. त्यानं आमच्या एकशे सत्तावीस शहाबादी फरश्या सात-सातच्या रांगांत मांडल्या, एक उरली. नऊ-नऊच्या मांडल्या, पुन्हा एक. मग कानामागची पेन्सिल काढून त्यानं भिंतीवरच भागाकार केले आणि खदखदून हसला.

"ह्याला कशानंच भाग जात नाय, सर! लई पक्का आकडा हाये."

"मग एक काढून टाका," मी वैतागलो.

"का म्हून? तिनं काय केलं?"

त्यानं सगळ्यांची एकच रांग लावली. ती खडकाळ परस ओलांडून थेट पलीकडच्या मावशींच्या उंबऱ्याला टेकली. गुडघ्यांमुळं वर्षभर तिकडं न गेलेली आई ओटा विसरून चहाला निघाली.