राखून ठेवलेलं नाव

भावाला मुलगी झाली तेव्हा मला आनंद झाला नाही, हेवा वाटला. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, सगळे उपचार करून थकले होते, आणि वहिनीच्या लग्नाला धड वर्षही झालं नव्हतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला कसं वाढतं, गर्भ राहिला नाही तर त्यातल्या पेशी कशा ठरल्याप्रमाणे मरतात, हे फळ्यावर आकृती काढून सांगते. माझ्या शरीरात हा कारभार अगदी वक्तशीर चालायचा. वहिनीने मात्र बघता बघता एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार करून दाखवल्या.

त्यात बारशाला नाव ठेवायचा मान माझा. वहिनी सावली गावची, गुजराती. त्यांच्यातही नाव फईच, आत्याच ठेवते, म्हणजे सुटका नव्हतीच. माझ्याजवळ एक नाव होतं, माझ्या मुलीसाठी राखलेलं, नवऱ्याखेरीज कुणालाच न सांगितलेलं. ते द्यायचं नाही, हे पक्कं होतं. दुसरं एक बरंसं नाव शोधून मी निजामपुऱ्यात भावाच्या घरी गेले.

वहिनीने मला आतल्या खोलीत नेलं, बाळ मांडीवर दिलं आणि त्याचा मोजा काढला. पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती.

"बेन, ग्रहणात मी शाक कापलं ना, म्हणून झालं हे?"

क्षणभर मला बरंच वाटलं. एवढी तरी खोट निघाली! पण चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

"काहीतरीच काय! पोटात सगळ्यांचीच बोटं आधी जोडलेली असतात. मधल्या पेशी मरतात, तेव्हा ती सुटी होतात. हिच्या थोड्या मरायच्या राहिल्या, एवढंच. तुझं काही चुकलेलं नाही."

"बारशाच्या दिवशी मरणाच्या गोष्टी कसल्या करतेस!" दारातून आई खेकसली.

वहिनी रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "बेन, मला हे कोणी बोललंच नाही. मोठी झाल्यावर तिलाही तुम्हीच समजवा हां."

त्या पोरीवर माझा काही हक्क आहे, असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं.

पाळण्यावर वाकले तेव्हा ठरवलेलं नाव ओठांवर होतं. बाळाच्या कानात गेलं ते माझ्या मुलीचं. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. डोळ्यांत पाणी आलं ते धपाट्यांनी, असं मी सांगून टाकलं. नवरा अर्ध्या जेवणातून उठला.

आता भावाकडे गेलं की वहिनी स्वयंपाकघरातून त्या नावाने हाक मारते. पोरगी माझ्या मांडीवरून उतरते आणि "आली मम्मी" म्हणत तिच्याकडे पळते. मी अजूनही जळते.