पत्ता कोणी बदलायचा?

ॲड. निर्मला भोईर यांची माझी पहिली भेट कल्याण कोर्टाच्या कँटीनमध्ये झाली, आणि भेटताक्षणीच त्या माझ्यावर ओरडल्या. वकिलीची सनद मिळून मला जेमतेम तीन महिने झाले होते. मी हातातली फाईल चहा सांडलेल्या टेबलावर ठेवली होती. "आगो, त्यात कोनाची तरी पोर हाय!" एरवी बाई अगदी शुद्ध बोलतात, रागावल्या की घरची आगरी बोली वर येते. आठवड्याभरात मी त्यांची ज्युनिअर झाले.

अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत बाई मुलीच्या घरच्यांतर्फे उभ्या राहतात. लोकांना वाटतं, जामीन झाला म्हणजे आरोपी सुटला. तसं नसतं. गुन्हा किती गंभीर, पुरावा काय, आरोपी पळेल का, साक्षीदारांना दमदाटी करेल का, हे सगळं न्यायाधीश बघतात. आणि जामीन द्यायचाच झाला तर तो मुलीपासून किती लांब राहील, हेही. बाईंचा जोर या शेवटच्या प्रश्नावर. म्हणून प्रत्येक सुनावणीची तारीख मुलीच्या घरी जाऊन सांगायची, फोनवर नाही, हा त्यांचा नियम. "घरच्यांना जे माहीत असतं ते फायलीत नसतं," असं त्या म्हणतात.

तो नियम मी एकदाच मोडला. विठ्ठलवाडीजवळची दहावीतली मुलगी, आरोपी शेजारचाच, बावीस वर्षांचा. जामिनाची सुनावणी दोन दिवस अलीकडे आली. ऑक्टोबरचं ऊन, कोण जाणार तिथवर? मी आईला मेसेज टाकला आणि मोकळी झाले. आईचा फोन दुरुस्तीला गेला होता. मेसेजला एकच टिक होती, तीसुद्धा मी बघितली नाही.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी सांगितलं, तपास संपलाय, मुलगा शेजार सोडून मावशीकडे राहील. पत्ता दिला. बाईंनी वळून मुलीच्या आईला शोधलं, ती आलीच नव्हती. मग माझ्याकडे बघितलं. आक्षेप घ्यायला आमच्याकडे काही नव्हतं. त्याच पत्त्यावर राहायच्या अटीवर जामीन झाला. मावशीचं घर मुलीच्या शाळेच्या फाटकासमोर निघालं.

संध्याकाळी आम्ही मुलीच्या घरी गेलो. बाईंचे गुडघे तेव्हाही दुखत, तरी तीन मजले चढल्या. आई बॅग भरत होती. "गावाला पाठवते मामाकडे. शाळा गेली तर गेली! रोज त्याचं तोंड बघत जाणारे का ती?" मुलगी भिंतीला टेकून बसली होती, वर बघत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "चूक आमची आहे. तारीख कळवायचं काम आमचं होतं. मला चार दिवस द्या." बाहेर आल्यावर आता माझी खरडपट्टी निघणार, असं मी धरूनच चालले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "अर्ज तू लिही."

मी तावातावाने लिहिलं, जामीन रद्द करा. बाईंनी ती ओळ खोडली. "त्यानं अट मोडलीये का? नाही ना? मग चूक आपली आणि तुरुंग त्याला, हा कुठला न्याय? अट बदलून माग."

कोर्टात त्यांनी आधी आमची चूक सांगितली. माझं नाव घेतलं नाही. मग म्हणाल्या, "साहेब, खटला संपेपर्यंत दोघांपैकी एकाला पत्ता बदलावाच लागणार. तो मुलीनं का बदलायचा?"

न्यायाधीशांनी आईला पुढे बोलावलं आणि शाळेपासून मावशीचं घर किती लांब, ते विचारलं.

"साहेब, हाक मारली तर ऐकू येते."

अट बदलली. आरोपीनं तालुक्याबाहेर राहायचं, असं ठरलं. पुढे खटला यथावकाश चालला. मुलीनं दहावी त्याच शाळेतून दिली.

बाईंना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मोठी माणसं नावानिशी लिहितील. पण ज्यांनी खरं तर लिहायला हवं, त्या मुलींची नावं छापायला कायद्याची बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणून मी त्या मुलीला फोन केला. ती आता नोकरी करते. तुझ्यातर्फे काय लिहू, विचारलं.

ती म्हणाली, "बाईंना खूप आयुष्य मिळू दे, गुडघे धड राहू देत. आणि लिहा, मी गावाला गेले नाही."