लाल दवेची पुडी

मडमीचे दोन सोनेरी मासे आमच्या घरात आले आणि माझी झोप उडाली. मी अकोल्याची पोर, लगीन होऊन अमरावतीला माळ्याच्या घरात पडलेली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यामागची जमीन माझे सासरे कसत. जमीन त्याची, विहीर त्याची. बैल अन् मोट तेवढी आमची. बंगल्याला रोज फुलं द्यायची आणि वांगी, मेथी पिकवून विकायची. साहेबानं नुसतं बोट दाखवलं असतं तरी आम्ही रस्त्यावर आलो असतो.

उन्हाळ्यात साहेब अन् मडम चिखलदऱ्याला गेले. जाताना मडमीनं माशांची काचेची पेटी आमच्याकडं ठेवली. राखणीला मागं राहिलेला खानसामा म्हणाला, "मासे मेले तर मळा गेला समजा." थट्टा करून राहिला की खरं सांगून राहिला, देव जाणे. मी खरंच धरलं.

सासूला ते मासे डोळ्यांपुढं नको होते. "खाता येत नाही, इकता येत नाही. मेले कायले आणले घरात?" असं दिवसभर चालायचं. मी आपली सारखी पेटीत डोकावून बघायची, हलतात की नाही.

एका सकाळी एकाच्या शेपटीवर पांढरं दिसलं. सासू म्हणाली, कापूस चिकटला, आणि चिमटीनं उपटायला गेली. कापूस कुठला! शेपटीचाच तुकडा हातात आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्यालाही तसंच झालं, आणि दोघं तळाशी जाऊन बसले.

खानसाम्याला विचारलं. तो म्हणाला, पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ती लाल दवा, एवढीशी, पाणी गुलाबी होईपर्यंत. मडम तीच वापरते. पण तिची बाटली कपाटात आणि किल्ली चिखलदऱ्याला. घरची माणसं मोटेवर होती, म्हणून मीच पदर खोचून दवाखान्यात गेले.

"लाल दवा?" कंपाउंडरनं मान वर केली. "घरात कोणाले पटकी लागली?"

"कोणाले नाही जी. मासोया बिमार हायेत."

रांगेतले सगळे माझ्याकडं वळून पाहायला लागले. आता हे समजून घ्या, की घरात पटकी शिरली तर कोणी कबूल करत नसे. कबूल केलं की म्युनिसिपल कमिटीचा माणूस आलाच, अंथरूण जाळलंच, आणि भाजीवाल्याचं घर असेल तर भाजी सडलीच. म्हणून लोक नाही नाही त्या सबबी सांगून लाल दवा मागायचे. माझं खरं बोलणं त्या सगळ्या सबबींपेक्षा वाईट ठरलं.

"मासोया!" कंपाउंडर म्हणाला. "बाई, खरं सांग, कोण पडलं हाये?"

"तुमच्या गळ्याची आण जी, मासोयाच!"

मागची बाई लेकराला ओढून दूर सरकली. त्यानं पुडी टेबलावरून माझ्याकडं ढकलली, हात लागू दिला नाही. मी घरी अक्षरशः पळत आले.

घमेल्यात पाणी घेऊन मी चिमूटभर दवा टाकली. आम्हाला विहिरीचा अंदाज माहीत, घमेल्याचा कोणाला? पाणी पिकल्या जांभळासारखं झालं. मासे आत सोडले तर तडफडायला लागले. मी "माय वं!" करून ओरडले, दोन्ही हातांनी त्यांना उपसून पेटीत टाकलं. मग दवा पातळ केली, पाणी नुसतं गुलाबी दिसेपर्यंत, आणि पुन्हा सोडले. या खेपेला ते शांत राहिले.

तेवढ्यात कमिटीचा माणूस दारात. सासू उन्हानं डोकं धरून ओसरीवर आडवी झालेली, माझे हात दवेनं तपकिरी. त्याला आणखी काय पाहिजे होतं? मी पेटी दाखवली, घमेलं दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विहिरीत डबाभर दवा ओतली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या वांग्यांकडं कुत्रंही फिरकलं नाही.

सासरे मला रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाले, "मासे जगव बाई. मडम आली का तेच आपले साक्षीदार." झालं! आधी मळ्यासाठी जगवत होते, आता खऱ्याखोट्यासाठीही. रोज गुलाबी पाणी, रोज देवाचा धावा. हळूहळू पांढरं गेलं, आणि एक दिवस दोघं वर येऊन दाणे मागायला लागले. मी सासूच्या गळ्यात पडून रडले.

मडम परतली त्या दिवशी सासरे धुतलेला फेटा बांधून पेटी घेऊन बंगल्याच्या फाटकाशी गेले. मी मागं होते. मडम व्हरांड्यात आली. मासे उन्हात चमकत होते, शेपट्या थोड्या तुटक्या, पण जिवंत. सासऱ्यांनी पेटी उंच धरली. मडमीनं नाकाला रुमाल लावला आणि खानसाम्याला काहीतरी म्हणाली.

खानसामा फाटकाच्या आतूनच बोलला. "त्या विहिरीचं पाणी हाये त्यात. घेऊन जा म्हणते. आन जमीन खाली करा, आठवड्याच्या आत."

सासऱ्यांचे हात तसेच वर राहिले. मीच पुढं होऊन पेटी घेतली.

आम्ही अकोल्याला माझ्या माहेरी निघालो तेव्हा बैलगाडीत भांडी होती, मोट होती, आणि मध्ये ती पेटी. ऊन मी म्हणत होतं. बडनेरा मागं पडलं तसा सासूनं डोक्यावरचा पदर ओढला, पेटीवर धरला आणि माझ्यावरच खेकसली.

"पाह्यतं काय नुसती? त्यायले ऊन लागून राहिलं ना वं. मरतील!"