हातभर बाजूला

येडबाला जन्मात पहिल्यांदा कुणी 'वेशभूषा उत्तम' म्हणालं, ते पोखर्णीच्या मेळाव्याच्या कमानीखाली. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर काळं घोंगडं आणि हातात काठी. नाव नोंदवायला बसलेल्या राजेश्री मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हे सगळं भाड्यानं कुठं मिळालं असं विचारलं. येडबानं खरं ते सांगितलं. घोंगडं बायकोनं कातलेल्या लोकरीचं, धोतर पूर्ण्याच्या बाजारातलं आणि मुंडासं मागच्या जत्रेतलं. मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. हरकत घेतली ती फक्त काळ्या चष्म्याला. शिवकाळात असले चष्मे नव्हते म्हणाल्या.

मग त्याच्या मुलाला, हरिओमला मध्ये पडावं लागलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, चष्मा धुळीसाठी आहे, नंबराचा नाही, वगैरे. येडबानं वाद घातला नाही. चष्मा काढला, कनवटीला खोवला आणि आत गेला. उन्हात त्याचे डोळे बारीक झाले. हरिओम त्या डोळ्यांकडे बघत राहिला. गेले तीन महिने तो बापाच्या डोळ्यांकडेच बघत होता.

मेळावा भरवला होता परमेश्वर सरांनी. परभणीत इतिहास शिकवणारा हा माणूस वर्षातून एकदा, शनिवार-रविवार धरून, दोन दिवस साडेतीनशे वर्षं मागं जायचा आणि सोबत हजारभर माणसं न्यायचा. मोबाईल कमानीपाशी पोत्यात टाकायचे, घड्याळ काढून ठेवायचं, पाणी तांब्यानं प्यायचं. एकीकडं लाठी, दांडपट्टा, भालाफेक आणि गोफणीच्या स्पर्धा. दुसरीकडं मांडवाखाली दोर वळणारे, टोपल्या विणणारे, लोकर कातणाऱ्या बायका. अंगरखे घातलेल्या मावळ्यांच्या पायात बूट होते, ते सोडा. चहाही शिवकाळात नव्हता, म्हणून सगळ्यांना अंबील मिळायची. तरी मांडवामागं एका किटलीभोवती सकाळपासून बराच स्वराज्यप्रेमी समाज जमलेला असायचा आणि सर तिकडं जाताना मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे.

येडबा इथं हौसेनं आला नव्हता. त्याची मेंढरं पणाला लागली होती.

तो चुडाव्याचा. वय विचारलं तर पासष्ट-सत्तर, मधलं कुठलंबी लावा, असं सांगायचा. बापाची मेंढरं, आजाची मेंढरं, आणि आता त्याची. नऊ वर्षांचा असताना बापानं त्याच्या हातात गोफण दिली. पोराच्या जातीला हातात हत्यार आलं की दम निघत नाही. दुसऱ्याच दिवशी कळपातून फुटलेल्या एका मेंढीवर त्यानं नेम धरला आणि दगड बसला थेट तिच्या पुढच्या पायावर. पाय मोडला. बापानं ना चापट मारली, ना शिवी दिली. पायाला काड्या बांधल्या, मेंढी उचलली, पोराच्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाला, आता ही तुझ्या पायानं चालंल. दीड महिना ती मेंढी येडबाच्या खांद्यावर चालली. रानातून, ओढ्यातून, ऊन-पावसातून. तिचा वास त्याच्या मानेतून वर्षभर गेला नाही असं तो सांगायचा.

त्या दीड महिन्यात तो जे शिकला ते आयुष्यभर पुरलं. दगड मेंढीला मारायचा नसतो. तो तिच्या तोंडापुढं, हातभर बाजूला पाडायचा. धप्प आवाज झाला की मेंढी आपोआप वळते. डावीकडं पाडला तर उजवीकडं, उजवीकडं पाडला तर डावीकडं. ज्वारीवरची पाखरं तर नुसत्या गोफणीच्या कडाक्यानंच उडतात, आणि लांडगा आला तर कुत्री आहेत की. पुढं लोक म्हणायला लागले की येडबाची गोफण चुकत नाही, आणि ते खरंच होतं. त्याच्या दगडानं पुन्हा कुठल्या जनावराला ओरखडासुद्धा आला नाही.

अशा माणसाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला आणि त्यानं तो वर्षभर लपवला. बायकोला, भागुबाईला तो कळला होता, पण नवऱ्याची लाज राखायची म्हणून तीही गप्प बसली. झाकली मूठ कधीतरी उघडतेच. दिवाळीच्या आधी चुडाव्याजवळ मेंढरं रुळाकडं सरकली आणि येडबाला ती दिसलीच नाहीत. चार मेंढ्या गाडीखाली गेल्या. रुळाच्या कडेला बसून म्हातारा लेकरासारखा रडला. हरिओम टेम्पो घेऊन आला, त्यानं बापाला एका शब्दानं दुखावलं नाही. परभणीला नेऊन ऑपरेशन करून आणलं. डॉक्टर म्हणाले, आता झकास दिसेल. येडबाही म्हणाला, झकास दिसतंय.

पण दिवाळीच्या आधीही तो हेच म्हणत होता. हरिओमचं दुखणं नेमकं इथं होतं. आज चार मेंढ्या गेल्या, उद्या बाप रुळावर गेला तर? त्यानं पूर्ण्याच्या लिंबाजी व्यापाऱ्याला सोमवारी सकाळी कळप बघायला बोलावलं. त्यावरून घरात आठ दिवस बोलणं बंद. शेवटी मेळाव्याची जाहिरात वाचून त्यानंच तोड काढली. गोफणीची स्पर्धा आहे. चाळीस पावलांवर मडकं, दगड तीन. तिनातला एक लागला तर लिंबाजीला परत लावतो, नाही लागला तर तुम्ही काही बोलायचं नाही. येडबा रागाच्या भरात हो म्हणून बसला. भागुबाईनं स्वतःचं नाव गोफण विणण्याच्या स्पर्धेत घातलं, कळप सुनेच्या, दिपालीच्या हवाली केला आणि तिघं टेम्पोनं पोखर्णीला आली.

शनिवारच्या रात्री येडबाला झोप कसली ती लागली नाही. आधी पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाला गेला तर देवापुढं काय मागायचं तेच सुचेना. मडकं फुटू दे, असं मागायला जीभ रेटली नाही. आयुष्यात कधी काही फुटू दे म्हणून मागितलं नव्हतं. मेंढरं गेली की सकाळी उठून जायचं कुठं, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात होता. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची त्याला भीती वाटायची. ते सगळे भले लोक होते, पण त्यांच्यात जाऊन बसायची भीती वाटायची.

रविवारी दुपारी गोफणीचा फड लागला. पंधरा-वीस जण होते. प्रत्येकासाठी एकेक मडकं, लाकडाच्या वेगळ्या ओंडक्यावर ठेवलेलं, आणि ओंडक्याभोवती जमिनीवर पांढऱ्या फक्कीचा जाड थर. पहिला गडी व्यायामशाळेचा, दंड असे की अंगरखा उसवायला आलेला. त्यानं गोफण गरगरा फिरवली आणि दगड गेला मागं, थेट अंबिलीच्या पातेल्यावर. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या. दुसऱ्याचा दगड आभाळात गेला तो गेलाच. सेलूच्या एका पोस्टमननं दुसऱ्या दगडात मडकं फोडलं आणि स्वतःच दचकला.

येडबाचं नाव पुकारलं. त्यानं गोफणीचं फासकं बोटात अडकवलं, दुसरं टोक चिमटीत धरलं, दगड खोबणीत ठेवला. मडकं त्याला स्वच्छ दिसत होतं. पोटावरचा भाजल्याचा काळा डागसुद्धा दिसत होता. गोफण दोनदा डोक्यावरून फिरली, कडाका झाला आणि दगड धप्प करून मडक्याच्या डावीकडं पडला. लोक हळहळले. दुसरा दगड, पुन्हा डावीकडं. आता कुणीतरी हसलं. तिसऱ्या दगडाला त्यानं श्वास रोखला, डागावर नजर रोवली आणि सोडला. मडकं जागच्या जागी. पंचानं कागदावर भोपळा मांडला आणि पुढचं नाव पुकारलं.

येडबा तिथंच उभा राहिला. नेम चुकला याचं दुःख नव्हतं. भीती वेगळीच होती. इतकं साफ दिसतंय आणि तरी लागत नाही, म्हणजे जे दिसतंय ते तिथं नाहीच की काय? मग मेंढरंसुद्धा दिसतात तिथं नसतील. हरिओम दोरीपलीकडून आला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात चला म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता. उलट त्याचाच चेहरा उतरला होता, आणि येडबाला ते जास्त लागलं.

बातमी मांडवात पोचली तेव्हा भागुबाईची गोफण निम्म्यावर आली होती. अंबाडीचा दोर, त्यात काळ्या लोकरीचा पेड, वीण अशी की पाणी गळू नये. सांगणारी बाई चुकचुकली, तिन्ही दगड वाया गेले म्हणाली. भागुबाईनं हात न थांबवता विचारलं, कुण्या अंगाला पडले? डावीकडं. सगळे? सगळे.

भागुबाईचा हात थांबला. ती उठलीच. राजेश्री मॅडम म्हणाल्या, आजी, पाव तास राहिलाय, तुमचीच गोफण सगळ्यांत सरस आहे, उठू नका. पण ती चालायला लागली होती. अर्धी गोफण हातात लोंबतेय, सुटे पेड मागं मातीत घासतायत, आणि ही बाई भर दुपारी दोरी ओलांडून थेट फडात. पंच ओरडला, तिनं लक्ष दिलं नाही. येडबाच्या मडक्याच्या ओंडक्यापाशी वाकून तिनं फक्कीत बघितलं आणि लेकाला हाक मारली.

"हरिओम, हिकडं ये. हे बघ."

पांढऱ्या फक्कीत तीन खळगे होते. एकमेकांना इतके खेटून की भागुबाईनं पंजा पसरून ठेवला तर तिन्ही त्याच्याखाली झाकले गेले. मग तिनं कोपर ओंडक्याला टेकवलं आणि हात लांब केला. बोटांची टोकं बरोबर खळग्यांवर आली. हातभर. ना इंच कमी, ना इंच जास्त.

"माय, पर मडकं फुटलं न्हाई ना," हरिओम म्हणाला.

"कामून फुटंल? साठ वर्सं मेंढरं वळवलेला हात हाय त्यो. त्येला मारायचं ठावं हाय का? त्यो त्या मडक्याला वळवायलाय."

हरिओमनं खाली बसून त्या खळग्यांत एकेक बोट घालून बघितलं. तोही मेंढरांमागंच वाढलेला होता. टेम्पोच्या नादात विसरला होता इतकंच. मग तो उभा राहिला आणि चाळीस पावलांवरच्या बापाला म्हणाला, "बाबा, आता उजव्या अंगाला पाडा."

पंच म्हणाला, नियमात बसत नाही. परमेश्वर सर म्हणाले, बसू द्या. त्यांनाही आता बघायचं होतं. हरिओमनं आईला चांगलं लांब नेलं. येडबाला काय चाललंय ते कळलं नव्हतं, त्यानं फक्त लेकाचं ऐकलं. गोफण फिरली, कडाका झाला. दगड उजवीकडं पडला. हरिओमनं स्वतः जाऊन कोपर टेकवलं, हात लांब केला, आणि तसाच फक्कीत बसून हसायला लागला. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले, तोंडाला सगळी फक्की लागली.

"काय झालं? लागला का?" येडबानं लांबून विचारलं.

"न्हाई लागला," भागुबाई म्हणाली. "एकबी न्हाई लागला तुमचा."

ती हे अशा आवाजात म्हणाली की येडबाला एकदम सगळं उमगलं. तो होता तिथंच खाली बसला. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते खोटं नाही. त्याला तर तीन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर श्वास आला. समोर मडकं होतं, त्याच्या पोटावर डाग होता, शेजारी लेक होता, बायको होती. जे दिसत होतं ते तिथंच होतं.

गोफणफेकीचं बक्षीस पोस्टमनला गेलं. भागुबाईच्या नावापुढं मॅडमनी जड मनानं 'अपूर्ण' असं लिहिलं. ती गोफण तिनं परतीच्या वाटेवर टेम्पोत बसून पुरी केली. येडबाला मात्र वेशभूषेचं पहिलं बक्षीस मिळालं, एक ढाल आणि प्रमाणपत्र. त्यानं सरांना विचारलं, ढालीऐवजी ते मडकं दिलं तर चालंल का? सरांनी दोन्ही दिलं.

सोमवारी सकाळी लिंबाजी व्यापारी फटफटी घेऊन आला. हरिओमनं त्याला बाजेवर बसवलं, कोपऱ्यात ठेवलेल्या नव्या मडक्यातून तांब्या भरून दिला आणि म्हणाला, "पानी प्या. मेंढरं इकायची न्हाईत."

लिंबाजीला राग आला. एवढ्या लांब बोलावून हे काय? म्हाताऱ्याला दिसत नाही असं तूच म्हणाला होतास ना? हरिओमनं नुसतं रानाकडं बोट दाखवलं. कळप शेताच्या धुऱ्याच्या कडेनं चालला होता आणि पुढची मेंढी शेजाऱ्याच्या हरभऱ्याकडं तोंड करून निघाली होती. लांब उभ्या येडबाचा हात वर गेला. कडाक्याचा आवाज जरा उशिरानं आला. तोवर मेंढी वळली होती.

लिंबाजीनं तांब्या रिकामा केला आणि आणखी पाणी मागितलं.